आठवे व्हायोलिन

सकाळी सव्वानऊला नलिनी कामतने चहाचा कप संगणकाशेजारी ठेवला आणि सोळा व्हायोलिनांचा ताफा सुरू केला. वाजवणारे कुणी नव्हते; कामावरून काढून घरी बसवलेल्या वादकांच्या हातांच्या हालचालींच्या नोंदींवरून संगणकच त्यांचे सूर घडवत होता. सूर अचूक होते, पण निर्जीव. तिने आठव्या वादकापुरती संगणकाची ताल-दुरुस्ती बंद केली. त्याचा गज पूर्वीसारखा किंचित उशिरा पडू लागला आणि साऱ्या ताफ्याचा आवाज एकदम माणसांचा वाटला.

आठवे म्हणजे केळुस्कर. वाद्यवृंदाची संयोजक असताना तिने हाच उशीर दाखवून त्यांना काढले होते.

तिने फोन लावला.

“काका, तुमचा उशीर मी इथे वापरतेय. तुम्हाला न विचारता.”

“तेव्हा तर म्हणालीस, घड्याळ लावून वाजवा,” केळुस्कर हसले. मग हळूच म्हणाले, “बरा वाटतो का गं?”

“त्याच्यावाचून अडतंय.”

तिने समोरचे वेळापत्रक उघडले.

“गुरुवारी दहाला रेकॉर्डिंग आहे,” ती म्हणाली. “व्हायोलिन घेऊन या.”

फोन ठेवून नलिनीने त्यांच्या हातांची नोंद कायमची पुसली. मग ती आतल्या रिकाम्या दालनात गेली आणि माईकसमोर एक खुर्ची मांडून आली.