लिफ्ट बंद आहे

प्रिंटरने अखेर कागद आत ओढला, आणि साहेब गुडघ्यावर हात टेकत टेबलाखालून बाहेर आले. नवा राऊटर बसवून महिना झाला होता. टीव्ही, लॅपटॉप, दाराची बेल, एकेकाची मनधरणी करता करता त्यांच्या नाकी नऊ आले होते. प्रिंटर तेवढा अडून बसला होता. पण पस्तीस वर्षं लिफ्ट इन्स्पेक्टर म्हणून काढलेला माणूस, राहायला बिनलिफ्टच्या इमारतीत पहिल्या मजल्यावर असला म्हणून काय झालं, एवढ्याशा डबीपुढे हात टेकणार नव्हता.

"झालं!" ते म्हणाले. "घरातलं सगळं जोडलं गेलं."

बायको पलंगाच्या कडेला फोन घेऊन बसली होती. तिने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. रविवार, पाचला दहा कमी.

"सगळं ना? मग आता तरी यादीत दिवटा दिसायला हवा."

राऊटरला कोण कोण जोडलंय याची ती यादी. मुलानेच आईच्या फोनमध्ये ती सोय करून दिली होती. साहेब त्याला उठता-बसता 'दिवटे चिरंजीव' म्हणायचे, म्हणून स्वतःच्या फोनला त्याने तेच नाव देऊन टाकलं होतं. घरच्या नेटवर्कचं नाव ठेवलं होतं 'लिफ्ट बंद आहे'. साहेबांना तो विनोद कधी पचला नाही. दोन वर्षांपूर्वी भांडणात त्यांची जीभ सुटली, या घराची पायरी पुन्हा चढू नकोस म्हणाले. तो चढला नाही.

"तो इथे कसा दिसेल?"

"दिसायचा. दर रविवारी, पाचच्या सुमाराला. पंधरा-वीस मिनिटं." ती फोनकडेच बघत होती. "खाली लाँड्रीच्या पायरीवर येऊन बसायचा. लाँड्रीवाल्याने पाहिलंय त्याला. वरून पत्र्यामुळे काही दिसत नाही, पण इथे नाव यायचं. गेले चार रविवार आलं नाही. मला वाटलं, कंटाळला."

साहेबांना हसू आलं. बायकांना यातलं काही कळत नाही, असं ते हसू.

"अगं, राऊटर नवा. नाव नवं, पासवर्ड नवा. आता त्याचा फोन आपोआप कसा जोडला..."

वाक्य तिथेच थांबलं. राऊटर बसवायला आलेला माणूस म्हणाला होता, साहेब, नाव-पासवर्ड जुनाच ठेवा, सगळं आपोआप जोडलं जाईल, तुम्हाला काही करायला नको. साहेबांनी त्याला ठणकावून सांगितलं होतं, ते नाव आधी काढ.

"म्हणजे तो येत असेल!" तिचा चेहरा उजळला, आणि लगेच उतरला. "पण फोन जोडला जात नाही म्हटल्यावर त्याला काय वाटलं असेल हो?"

काय वाटलं असेल ते साहेबांना न सांगता कळत होतं. एकदा तोंडाने हाकललं होतं. आता दुसऱ्यांदा.

"मला बोलली का नाहीस?"

"तुम्ही खाली गेला असतात. आणि काहीतरी बोलला असतात."

"मग तू जायचंस."

"मी दिसले असते, तर यायचाच बंद झाला असता."

साहेब लॅपटॉपपुढे बसले. नाव पुसलं. एका बोटाने टाइप केलं, लिफ्ट बंद आहे. जुना पासवर्ड त्यांना माहीत नव्हता; जोडून द्यायला पोरगा होता तोवर कधी गरजच पडली नव्हती. तिला तो पाठ होता. ती एकेक अक्षर सांगत गेली, ते टिपत गेले.

राऊटरचा दिवा विझला, परत लागला. टीव्ही आपसूक बोलायला लागला. प्रिंटर कुरकुरला. महिनाभराचा खटाटोप, आणि दोन मिनिटांत सगळी मंडळी न बोलावता परत हजर.

"नावं कुणाचीच दिसत नाहीत," ती म्हणाली. "सगळ्यांना 'नवीन' म्हणतंय."

"राऊटर सगळ्यांची ओळख विसरलाय. तू नुसते आकडे मोज. आत्ता किती आहेत?"

"पाच."

पाच वाजले. सव्वापाच झाले. यादीतल्या पाचाचे सहा होईनात. तिने एकदाही मान वर केली नाही.

साहेबांना बसवेना. सिग्नल खाली पोहोचत नसेल तर? यंत्राचीच चूक निघाली असती तर त्यांना बरंच वाटलं असतं. चार्जिंगला लावलेला, बंद पडलेला आपला फोन त्यांनी उचलला, "बघून येतो" असं पुटपुटले आणि जिना उतरले. बायकोचं लक्ष नव्हतं.

लाँड्रीचं शटर खाली ओढलेलं होतं. पायरीवर कुणी नव्हतं. एक कोपरा बसून बसून गुळगुळीत झालेला, तिथे साहेब टेकले आणि त्यांनी फोन सुरू केला. तो जागा व्हायला वेळ लागला. मग वरच्या कोपऱ्यात वायफायच्या दोन रेघा उमटल्या. पोहोचत होता. इथपर्यंत पोहोचत होता. दोष यंत्राचा नव्हता.

वर गॅलरीचं दार धाडकन उघडलं.

"सहा झाले! अहो, सहा झाले!" ती आत ओरडली. मग तिचा आवाज कठड्यावरून खाली आला, रडवेला, घाईघाईचा. "बाळा, आलास का रे? वर ये. ये ना वर. बाबा काही म्हणणार नाहीत!"

पत्र्याखाली, लाँड्रीच्या पायरीवर बसलेल्या बाबांच्या तोंडून खरंच एक शब्द फुटला नाही.