फळ्यांच्या आधीची मापं

पंडित मिस्तरींच्या पत्राला मी दोन वर्षं उत्तर दिलं नव्हतं. जन्मभर बैलगाड्या घडवून आता ते शिंदखेड्याला, तापीत सोडायला, जुन्या विलायती नकाशावरून शिडाची नौका बांधणार होते. नकाशाचं मराठी मी केलेलं. त्यांनी विचारलं होतं, "आबा, ही मापं नुसत्या सांगाड्याची, फळ्या ठोकायच्या आधीची, की नंतरची?" पुस्तकांत सापडेना. समुद्र तर मी पाहिलेलाच नाही.

काल त्यांच्या पत्नी भिकुबाई धुळ्याला माझ्याकडे आल्या. "आबा, सागवान पडी पडी फाटी गयं. मिस्तरी करवत लावतस नही. म्हणतस, आबा शिकेल शेतस, शोधी राह्यना व्हतीन."

मला मान वर करवेना. त्या गेल्यावर कार्डावर "मला माहीत नाही" एवढंच लिहिलं आणि स्वतः जाऊन टपालपेटीत टाकलं.