पिल्लू देण्याआधी

उद्धव वकिलांनी पिल्लू उलटंपालटं करून पाहिलं. जात विचारली, आईबापाचे कागदही तपासले. "पसंत हाये," ते म्हणाले.

"आता माहा प्रश्न," दहा वर्षांची श्रावणी म्हणाली. "काका, तुमचा पयला कुत्रा कुठी हाये?"

"ब्रुनो? तो म्हातारा झाला होता. काही कामाचा नोता. परतवाड्याच्या पुढं जंगलात सोडून देला."

श्रावणीनं पिल्लू त्यांच्या हातातून काढून घेतलं. "मंग हे नाई भेटनार तुमाले."

वकील हसत तिच्या आजोबांकडे वळले. "गुरुजी, मी तुमचाच विद्यार्थी. नातीले समजवा नं!"

गुरुजींनी उठून फाटक उघडलं. "तुले शिकवताना एक धडा राहून गेला, उद्धव. हिच्या वेळी नाई राहू देला."