दोन कंपन्यांचे आईबाबा

“आईंचं मशीन ज्या कंपनीचं, तिच्याशी आमचं वाकडं आहे, मॅडम. दोन्ही मशीन एकमेकांचा आवाज ऐकत नाहीत. आईंनाही गेल्यावर बाबांसारखं आमच्याच मशीनमध्ये ठेवायचं होतंत,” सर्व्हिस सेंटरवाला म्हणाला.

“मरताना तिनं कंपनी बघायची होती का?” हेमांगी तडकली. बाबांचं मशीन उचलून ती घरी आली आणि तिनं ते आईच्या मशीनशेजारी ठेवलं.

“अहो, चहा निवतोय,” आई म्हणाली.

“हेमा, तुझी आई दोन वर्षं गप्प का गं? रागावलीय?” बाबांनी विचारलं.

हेमांगीला राहवेना. हुबेहूब आईच्या सुरात ती म्हणाली, “अहो, चहा निवतोय.”

“आलो, आलो!” बाबांचा आवाज उजळला.



“हेमा,” शेजारच्या मशीनमधून आईनं हळूच विचारलं, “तू ‘अहो’ कुणाला म्हणालीस?”