खांबेटेकाकांची दाद

"स्टिक्स नकोत, ड्रमवर नुसता ब्रश फिरव. आपला पंक बँड आता मॅच्युअर झालाय," म्हणत गायकाने उर्वीच्या हातातल्या स्टिक्स काढून घेतल्या. दुसऱ्या अल्बमच्या रेकॉर्डिंगसाठी बासरीवाला बोलावला होता आणि सोसायटीच्या पार्किंगमध्ये चक्क सतरंजी अंथरली होती.

पहिला अल्बम इथेच झाला होता. तेव्हा गॅलरीतून खांबेटेकाका ओरडले होते, "बंद करा हा धिंगाणा!" ती आरोळी चुकून गाण्यात राहिली आणि बँडचं नशीबच उघडलं. प्रत्येक कार्यक्रमात पोरं ती ओळ घसा फाटेस्तोवर म्हणायची.

आज गॅलरीचं दार वाजलं तशी उर्वी सरसावून बसली. पण काका ओरडले नाहीत. खुर्ची घेऊन खाली आले आणि डोळे मिटून मान डोलवू लागले.

"वा! आता कसं संगीत वाटतं," ते गहिवरून म्हणाले. "परवा आमच्याकडे सत्यनारायण आहे. वाजवाल ना?"

"अवश्य, काका," गायक विनयाने म्हणाला.

उर्वीने त्याच्याकडून स्टिक्स हिसकावल्या आणि ड्रम असा काही बडवला, की बासरीवाला सतरंजीवरून उडालाच.

"बंद करा हा धिंगाणा!" काका कडाडले.

"झालं का रेकॉर्ड?" उर्वीने विचारलं.