फ्रीजरमधल्या अळ्या

विषाणूने मेलेल्या अळ्या सोयाबीनच्या शेंड्यांवरून वेचायच्या, आइस्क्रीमच्या रिकाम्या डब्यांत भरून फ्रीजरमध्ये ठेवायच्या आणि पुढच्या हंगामात जिवंत अळ्या मारायला पाण्यात वाटून पिकावर फवारायच्या, ही ब्राझीलमधल्या पाराना राज्यातल्या आरिल्दोची जुनी रीत.

"क्लेउसा, जिवंत अळीत विषाणू एकाचे कोटी होतात. ती मेली की डब्यात ना काही वाढत, ना घटत. तू हात लावू नकोस," तो बायकोला बजावी.

तिला कुठे हौस होती! नवऱ्याचं गोड बंद करूनही त्याची शुगर का उतरत नाही, या काळजीनेच ती बेजार होती.

गेल्या रविवारी सरकवताना जड लागलेला डबा आज हलका लागला. न घटणाऱ्या अळ्या घटल्या कशा, म्हणून तिने झाकण उघडलं.

 

"आरिल्दो, मेल्यावर अळ्या चॉकलेटच्या होतात, हे सांगायचं राहिलंच की रे!"