सोमवारची बाटली

ऋतिका एमएस्सीच्या प्रोजेक्टसाठी अंबरनाथच्या कारखान्यांलगतच्या एका पाड्यातल्या पाच विहिरींचं पाणी तपासत होती. चार विहिरींत शिसं सापडलं. पाचवी वेणूबाईंच्या परसात, कंपनीच्या भिंतीला अगदी खेटून, आणि नेमकं तिचंच पाणी दर आठवड्याला स्वच्छ निघायचं.

तिनं बाटली बदलली, मशीन पुन्हा लावून पाहिलं, तरी तेच. मग तिला एकेक गोष्ट खटकायला लागली. वेणूबाईंचा मुलगा त्याच कंपनीत कामाला होता. सोमवारी ती पोहोचायच्या आधीच बाटली भरून ओट्यावर तयार असायची. आणि ती विहिरीकडे निघाली, की वेणूबाई आडव्या यायच्या, "तिकडं नको जाऊस बाय, शेवाळ हाय, घसरशील."

कंपनीनं म्हातारीला फितवलंय, याबद्दल तिला आता शंकाच उरली नाही.

या सोमवारी ती तासभर आधीच आली आणि कुडाआडून बघत राहिली. वेणूबाईंनी बाटली घेतली आणि विहिरीकडे न जाता घरातल्या विकतच्या पाण्याच्या जारखाली धरली.

ऋतिका तरातरा पुढे झाली. "आजी, हे करायला कोणी सांगितलं तुम्हाला?"

वेणूबाई ओशाळल्या.



"कोन कशाला सांगंल? जार नातवाच्या दुधापुरता आनतो, इहिरीचं आमी पितो. पन एवढ्या लांबून येनाऱ्या पोरीला प्यायला ते कसं देऊ?"